बोटीतून दिसणारी शाळा

ऑपरेशननंतर अक्का पहिल्यांदा ऑफिसात आल्या, त्या दिवशी त्यांनी चहा कपात न ओतता टेबलावर ओतला. थर्मास हातात नीट धरलेला होता, कप जागेवर होता, पण धार कपाच्या बोटभर अलीकडं पडत होती. चहा टेबलावरून खाली ठिबकायला लागला तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी थर्मास ठेवला, फडकं आणलं, टेबल पुसलं, आणि मग थर्मासचं तोंड कपाच्या काठाला टेकवून पुन्हा चहा ओतला. मी मदतीला उठणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि बसून राहिले.

कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या साहेबांचं ऑफिस आहे. साहेब आर्किटेक्ट. अक्का त्यांच्याकडं सुरुवातीपासून ड्राफ्ट्समन. बाई असल्या तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. शाईच्या पेनानं ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढायचे आणि चुकलेली रेघ ब्लेडनं हलकेच खरवडायची, त्या काळापासून. पुढं कॉम्प्युटर आला तसा त्यांनी तोही शिकून घेतला. अक्कांचं माहेर शिरोळकडचं, घरात कानडी आणि मराठी दोन्ही. कामात गुंतल्या की त्या कानडीत आकडे मोजायच्या, ओंदु, एरडु, मूरु, आणि बोलायच्या मात्र कोल्हापुरी मराठीत. आमच्याकडच्या पुष्कळ बायका बोलतात तशा, "मी येतो", "मी करतो" असं.

मी त्या ऑफिसात नवी होते. कमर्शियल आर्ट शिकून आले होते आणि माझ्याकडं एकच काम होतं, व्ह्यू काढायचं. म्हणजे नकाशातली इमारत बांधून झाल्यावर रस्त्यावरून कशी दिसेल त्याचं चित्र. बिल्डरांना ते माहितीपत्रकावर लागतं आणि भल्यामोठ्या होर्डिंगवरही लागतं. म्हणून मी ते व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये काढते. त्यात चित्र ठिपक्यांचं नसतं. रेघेची टोकं कुठं आहेत आणि ती कशी वळते, एवढंच ते लक्षात ठेवतं. त्यामुळं तीच खिडकी पोस्टकार्डावर छापा नाहीतर तीन मजली होर्डिंगवर, कड तितकीच स्वच्छ राहते.

अक्कांच्या एका डोळ्याचा पडदा सुटला होता. मिरजेला ऑपरेशन झालं, पण उशीर झालेला, नजर काही परत आली नाही. दुसरा डोळा चांगला होता. तरी एका डोळ्याला खोली कळत नाही. पायरी कुठं संपली ते त्यांना पायानं चाचपून बघावं लागायचं. सुईत दोरा जाईना. रस्ता ओलांडताना रिक्षा लांब आहे की अंगावर आली आहे याचा पत्ता लागेना. साहेब मनानं चांगला माणूस. ते म्हणाले, "अक्का, थोडे दिवस घरी आराम करा. लागेल तेव्हा मी बोलावतो."

अक्का म्हणाल्या, "साहेब, एक डोळा गेलाय. दुसरा हाय की."

अक्का आपली खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आल्या.

"मला व्ह्यू शिकव."

मला वाटलं चेष्टा करतायत. "अक्का, तुम्हाला मी काय शिकवणार?"

"मला काय येतंय ते मला म्हाईत हाय. हे येत न्हाय. इतकी वर्सं दुसऱ्याचं बघितलं, आता काढतो. बारीक रेघांचा नकाशा दिवसभर बघितला की डोळ्यातनं पाणी येतंय. तुझ्या चित्रात रंग हाय, रेघा जाड हायत. शिकव."

मग मी शिकवायला लागले. सुरुवात सोपी असते. बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर एक आडवी रेघ मारायची, ती क्षितिजरेषा. त्या रेघेवर डावीकडं एक आणि उजवीकडं एक असे दोन बिंदू, लोपबिंदू. इमारतीच्या आडव्या कडा त्या दोन बिंदूंकडं धावत जातात, उभ्या कडा उभ्याच राहतात. सॉफ्टवेअरमध्ये ह्याची जाळीच मिळते. समोरची भिंत सपाट काढून ठेवायची आणि त्या जाळीवर नेऊन चिकटवली की ती आपोआप तिरकी होते, लांबची बाजू आखडते.

अक्कांनी समोरची भिंत अशी काढली की मी बघतच राहिले. दार, खिडक्या, छज्जे, सगळं जिथल्या तिथं. पण जाळीवर नेल्याबरोबर त्या अडकल्या.

"ही खिडकी चार फुटाची हाय."

"हो."

"आणि ही शेवटची बी चार फुटाचीच हाय. मग हितं एवढी बारकी कशी?"

"ती लांब आहे, अक्का."

"लांब हाय म्हणून माप बदलतंय व्हय?"

त्या भांडत नव्हत्या. त्यांना खरंच आतून जड जात होतं. सगळं आयुष्य त्यांनी खरी मापं काढण्यात घालवलं होतं. चार फूट म्हणजे चार फूट, मग ती खिडकी कुठंही असो. आता मी त्यांना सांगत होते की डोळ्याला दिसतं तसं काढा, माप विसरा. त्या जाळीवर चिकटवलेली भिंत पुन्हा काढून सपाट करायच्या, पुन्हा चिकटवायच्या, आणि मान हलवायच्या. असे बरेच दिवस गेले.

शेवटी एका शनिवारी दुपारी आम्ही दोघी महाद्वार रोडला गेलो. मी म्हटलं, चला, खरा रस्ता बघू. पापाच्या तिकटीच्या चौकाकडं तोंड करून आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिलो. गर्दी होती, चपलांचे ढीग, साड्यांचे बोर्ड, मधूनच घुसणाऱ्या मोटारसायकली. मी पट्टी काढली, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि लांबच्या दुकानाचं शटर पट्टीवर मोजून दाखवलं. जवळचं शटर वीतभर, लांबचं बोटाच्या पेराएवढं.

अक्कांनी पट्टी माझ्याकडून घेतली. हात लांब केला. त्यांना डोळा मिटायची गरज नव्हती. जवळचं, लांबचं, एकेक शटर पट्टीवर धरून बघितलं. मग म्हणाल्या, "अगं, मला सगळं असंच दिसतंय."

"असंच म्हणजे?"

"सपाट. कागदावर काढल्यागत. मी ह्याला भ्यायलो होतो गं. रस्त्यावर आलो की कुणीतरी चित्र धरलंय समोर असं वाटायचं. तुला एक डोळा मिटावा लागतोय, तेव्हा दिसतंय. मला उठल्यापास्नं झोपेपतोर दिसतंय."

त्या पट्टी घेऊन पुढं सरकल्या. रस्ता सरळ नाही, वळत जातो, त्यामुळं प्रत्येक घर थोडं वेगळ्या दिशेला तोंड करून उभं आहे. म्हणजे प्रत्येक घराचे बिंदू वेगळे. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. अक्कांनी ते पट्टी तिरकी धरत, एकेका घराच्या गॅलरीची रेघ हवेत लांबवत शोधून काढलं. मग त्यांनी मला गर्दीकडं बोट करून दाखवलं. जवळचा माणूस मोठा, लांबचा लहान, पण सगळ्यांची डोकी एकाच उंचीवर, आमच्या डोळ्यांच्या रेघेवर. "ही बघ तुझी क्षितिजरेषा," त्या म्हणाल्या. "सगळी पब्लिक तिला डोकं लावून चाललीया."

सोमवारपासून त्यांचा हात सुटला. महाद्वार रोडचा तो तुकडा त्यांनी असा काढला की साहेबांनी तो छापून आपल्या केबिनमध्ये लावला. मी व्ह्यू काढते ते सुबक असतात, हे मला माहीत आहे. अक्कांच्या व्ह्यूमध्ये कोणीतरी उभं असायचं. चित्रात माणूस काढलेला नसला तरी कळायचं की हे कुणाच्या तरी उंचीवरून, कुठल्या तरी पायरीवरून बघितलेलं आहे. काम सुरू करण्याआधी त्या पहिला प्रश्न तोच विचारायच्या. बघतंय कोण?

त्यानंतर शिरोळ तालुक्यातल्या एका गावाच्या शाळेचं काम आलं. गाव कृष्णेच्या काठचं, चहूकडं ऊस. मोठ्या पुरात शाळा पाण्यात बुडून तिच्या भिंती फुगल्या होत्या. नवी शाळा बांधायची होती आणि साहेबांनी ती खांबांवर उचलली होती. खाली मोकळी जागा, वर वर्ग. पूर आला तर पाणी खालून निघून जाईल. विचार अगदी बरोबर होता.

पहिल्या बैठकीला आम्ही तिघंही गेलो. गावाच्या सभागृहात साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला. माणसं भोवती जमली, वाकून वाकून बघायला लागली.

"हे काळं चौकोन कशाचं?" एकानं विचारलं.

"ते खांब."

"आणि भिंती?"

"खाली भिंती नाहीत. खाली मोकळं."

"म्हंजे शाळा अधांतरी?"

हशा झाला. साहेब समजावून सांगत राहिले, प्लिंथ, कॉलम, स्लॅब. जेवढं सांगत होते तेवढी माणसं मागं सरकत होती. कुणी म्हणालं, पोरं वरनं पडतील. कुणी म्हणालं, शाळा जमिनीवर पायजे, आमी काय जमिनीवर शिकलो न्हाय व्हय. डोक्यावर टोपी घातलेले एक म्हातारे आबा शेवटी उठले आणि सरळ म्हणाले, "सायेब, ही शाळा न्हवं. ह्यो लग्नाचा मांडव हाय." बैठक तिथंच मोडली. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणायचं, त्या आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आल्या आणि बिचाऱ्या सारखं म्हणत राहिल्या, "मनावर घेऊ नका."

येताना गाडीत साहेब खट्टू होऊन बसले होते. अक्का पुढं ड्रायव्हरशेजारी होत्या. हातकणंगल्याच्या अलीकडं त्या मागं वळून म्हणाल्या, "साहेब, त्यांना वरनं बघायला लावलं आपण."

"म्हणजे?"

"नकाशा म्हंजे वरनं बघितलेलं. गावात वरनं कोण बघतंय? कावळा. ह्या माणसांनी पुरात शाळा कुठनं बघितली?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बोटीतून?"

"बोटीतनं," अक्का म्हणाल्या.

त्यांना ते माहीत होतं, कारण मोठ्या पुरात त्या स्वतः आईला बघायला माहेरी गेल्या होत्या आणि तिथंच अडकल्या होत्या. रबरी बोटीतून त्यांना बाहेर काढलं होतं. हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी गाडीत बोलल्या. बोटीत उभं राहू देत नाहीत, तळाला बसवतात, गुडघे पोटाशी घेऊन. डोळा पाण्याच्या जवळ येतो. ओळखीचं घरसुद्धा ओळखू येत नाही, कारण दार नसतं, पायरी नसते, नुसतं पत्र्याचं छप्पर पाण्यावर ठेवल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले तर अक्का फरशीवर उशी टाकून गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. हातातला टेप माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "डोळ्यापतोर मोज." मी मोजत होते तेवढ्यात साहेब आत आले, आम्हाला बघून दारातच थांबले आणि मग केबिनमध्ये गेले.

आम्ही दोन चित्रं करायचं ठरवलं. एक कोरड्या दिवसाचं, गावच्या रस्त्यावर उभं राहून बघितलेलं. दुसरं पुरातलं, बोटीत बसून बघितलेलं. इमारत तीच, पण डोळा हलला की क्षितिजरेषा हलते आणि चित्र सगळं मुळापासून नवं काढावं लागतं. अक्कांनी शाळेच्या चारही बाजू आधी सपाट, मापात काढून वेगळ्या थरावर, म्हणजे हवा तेव्हा लपवता येणाऱ्या लेअरवर, ठेवल्या. ही त्यांची जुनी शिस्त. "खरं माप एकीकडं ठेवायचं," त्या म्हणाल्या, "मग दिसतंय ते पायजे तितक्या वेळा काढता येतंय." पाणी त्यांनी आणखी वेगळ्या थरावर ठेवलं, मातीच्या रंगाचं, जरासं पारदर्शक. मी निळसर घातलं होतं. त्यांनी ते बघून नुसतं "हं" केलं आणि बदललं.

दुसऱ्या बैठकीला आम्ही प्रोजेक्टर नेला. दुपारची वेळ, सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. या वेळी बायकाही बऱ्याच आल्या होत्या. पहिलं चित्र भिंतीवर पडलं आणि मागून आवाज आला, "आरं, ह्यो आपला लिंब!" रस्त्याकडेचा लिंब अक्कांनी जिथल्या तिथं काढला होता. शाळा त्याच्या मागं खांबांवर उभी. खालच्या सावलीत सायकली. एक दोन माना डोलल्या. आबा म्हणाले, "दिसतीया बरी. पण मांडवच."

मग अक्कांनी दुसरं चित्र लावलं. आधी पाण्याचा थर बंदच ठेवला होता. खालून वर बघितलेली शाळा, उंच खांब. "आता बोटीत बसा," त्या म्हणाल्या आणि पाणी लावलं.

गढूळ पाणी खांबांना वेढून पार लिंबापर्यंत गेलं होतं. रस्ता नव्हता. लिंबाचं खोड नव्हतं, नुसत्या वरच्या फांद्या. समोर बसलेल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. मला भीती वाटली, आपण माणसांना उगीच ते दिवस आठवायला लावले की काय.

तेवढ्यात आबा उठले, भिंतीजवळ गेले आणि काठी चित्राला लावली. "पाणी कमी धरलंय तुमी."

साहेब म्हणाले, "गावाच्या त्या टोकाला विचारून घेतलेली पातळी आहे."

"त्या टोकाला आसंल. शाळंची जागा वढ्याकडं उतरती हाय. हितं जुन्या दाराच्या चौकटीवर पाणी आलतं."

"चौकटीवर न्हवं, चौकटीला," दुसरा म्हणाला.

"तू कुठं हुतास? तू तर पावण्यांकडं गेलतास!"

मग सगळेच बोलायला लागले. कुणी खिडकीच्या गजापर्यंत म्हणालं, कुणी पत्र्यापर्यंत. अक्का माऊस धरून बसल्या होत्या. त्या पाण्याची कड हळूहळू वर सरकवत होत्या. हितवर? आणि वर. हितवर? आणि वर घ्या की बाई. शेवटी बहुतेकांचं एकमत झालं तिथं त्या पाणी नेणार, तेवढ्यात हात थांबला.

"ह्याच्यावर न्हेता येत न्हाय," त्या म्हणाल्या.

"का?"

त्यांनी चित्रावर क्षितिजरेषा लावून दाखवली. लाल, बारीक. "ही बोटीत बसलेल्या माणसाच्या डोळ्याची रेघ. पाणी हिच्यावर गेलं तर बघणाराच बुडला."

मग आबा म्हणाले, "मग बोट वर घ्या की!"

सगळं सभागृह हसलं. तोंडाला पदर लावलेली बाईही हसली. अक्कासुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, "घेतो. पण चित्र सगळं फिरवावं लागंल. चा करा तुमी, तोवर मी बोट वर घेतो."

मला वाटलं होतं, त्या म्हणतील ऑफिसात जाऊन करून आणतो. त्यांनी तिथंच करायला घेतलं. माणसं बाहेर जाऊन जुन्या शाळेच्या भिंतीवरचा पाण्याचा डाग टेपनं मोजून आली. मी माप वाचून दाखवलं. अक्कांनी नवी क्षितिजरेषा मारली, नवी जाळी बसवली, आणि सपाट ठेवलेल्या बाजू एकेक करून तिच्यावर चिकटवायला घेतल्या. ओंदु, एरडु, मूरु. खांब, वर्ग, गॅलरी. भिंतीवर प्रोजेक्टर चालूच होता, त्यामुळं सगळं गाव त्यांचा हात बघत होतं. एक खिडकी चुकीच्या जागी चिकटली तर मागून बाया ओरडल्या, "बाई, ती खिडकी हाललीया!" अक्कांनी मान न वळवता हात वर केला आणि ती नीट केली. त्या गावात, त्या गोंगाटात, एका डोळ्यानं अक्का जे करत होत्या ते मला आमच्या ऑफिसातल्या थंडगार खोलीतही इतकं सफाईनं जमलं नसतं. बघता बघता माझ्या हातातला चहा थंड झाला.

चित्र पुरं झालं, पाणी लावलं, आणि या वेळी पाणी वर्गाच्या जमिनीला लागलं. सगळ्यांना दिसलं. साहेबांनाही दिसलं. ते उठून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मजला अजून वर घ्यायला पाहिजे. मी खाली धरला होता." मग आबांकडं वळून म्हणाले, "बरं झालं तुम्ही सांगितलंत." आबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "घ्या वर. मांडव तर मांडव."

आता सगळं ठरल्यात जमा होतं. मी वायरी गुंडाळायला लागले होते. तेव्हा पदर लावून बसलेली ती बाई उभी राहिली.

"आणि म्हशी?"

"म्हशींचं काय?" साहेबांनी विचारलं.

"माणसं वर बसतील. म्हशी कुठं जातील? गेल्या टायमाला बोट आली, मालक म्हणाले चल. म्या न्हाय गेलो. दावं सोडून दिलं तर व्हावून जात्यात, बांधून ठिवलं तर जाग्यावर मरत्यात. म्या छपरावर बसलो म्हशीकडं बगत."

मोठ्या बाई कळवळून म्हणाल्या, "अहो, पण शाळेत म्हशी कशा आणायच्या?"

"मग आमी बी येणार न्हाय," ती बाई म्हणाली आणि बसली. ती रागावून बोलली नव्हती, खरं तेच सांगत होती.

अक्कांनी माझ्या हातातून वायर काढून घेतली आणि पुन्हा लावली. "हे माझ्या ध्यानात आलं न्हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या आईची बी म्हस हुती. तरी आलं न्हाय." मग साहेबांना विचारलं, "चढ किती लागंल?"

साहेब पुढं येऊन त्यांच्या शेजारी बसले. म्हैस चढेल असा चढ म्हणजे लांब हवा, मैदानाला वळसा घालून आणावा लागेल, आणि वर वर्गांच्या टोकाला एक रुंद ओटा. साहेब बोलत होते, अक्का काढत होत्या. चढाच्या रेघा बाकीच्या रेघांसारख्या क्षितिजावर जात नाहीत. त्या वर जातात. त्यांचा बिंदू सरळ वर, आभाळात असतो. अक्कांनी तो बिंदू शाळेच्या छपराच्याही वर ठेवला आणि तिथून एक रेघ खाली मैदानापर्यंत ओढली. अंधारात बसलेल्या सगळ्या माणसांनी त्या रेघेबरोबर माना खाली आणल्या. मग त्यांनी ओट्यावर, अगदी साध्या चार रेघांत, एक म्हैस काढली. शिंगं मागं वळलेली.

"तुमचीच का?" त्यांनी त्या बाईला विचारलं.

"आमची शिंगानं मोठी हाय," बाई म्हणाली. अक्कांनी शिंगं मोठी केली.

शाळा तशीच बांधली गेली. उंच मजला, लांब चढ, टोकाला ओटा. मोठ्या बाईंचा म्हशींना विरोध शेवटपर्यंत होता, पण चढ झाल्यावर गावातली पायानं अधू असलेली एक मुलगी चाकांच्या खुर्चीतून कुणाच्याही मदतीशिवाय वर्गात आली आणि त्या दिवसापासून बाई चढाबद्दल काही बोलल्या नाहीत. ओट्याबद्दल मात्र बोलत राहिल्या.

नंतरच्या एका पावसाळ्यात कृष्णेला पुन्हा पाणी आलं. मोठ्या पुराइतकं नव्हतं, तरी गावातल्या खालच्या आळीत शिरलं. टीव्हीवर बातमी दिसली तेव्हा अक्का ऑफिसात होत्या. त्या दिवशी त्यांनी काम केलं नाही. माऊसवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. पाणी उतरेपर्यंत आम्हाला काही कळलं नाही, गावातले फोन लागत नव्हते.

मग एका सकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. अक्कांनी तो स्पीकरवर टाकला. बाई सांगत होत्या, खालच्या आळीतली सगळी माणसं शाळेत होती, कुणाला काही झालं नाही, जनावरं ओट्यावर होती, मावत नव्हती तेव्हा दोन वासरं चौथीच्या वर्गात बांधली. मग त्यांचा सूर एकदम नेहमीचा, तक्रारीचा झाला.

"पण अक्का, एक सांगू? फिनेलनं धुतलं, चुन्यानं धुतलं, सगळं करून झालं. चौथीच्या वर्गात शेणाचा वास अजून मारतोय."

अक्का खूप दिवसांनी मोठ्यानं हसल्या. "मारू दे की, बाई," त्या म्हणाल्या. "कमी हुईल हळूहळू. म्हशी जगल्या न्हवं?"

फोन ठेवून त्यांनी डोळा पुसला. साहेब केबिनच्या दारात उभे होते, ते आत गेले. अक्कांनी नवी फाईल उघडली. कबनूरला कुणाला तरी यंत्रमागाची शेड बांधायची होती, तिचा व्ह्यू संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. मी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली.

"बघतंय कोण?" मी विचारलं.

"मालक न्हवं," अक्का म्हणाल्या. "तो काय, महिन्यातनं एकदा येणार. रोज कामाला येणारी बाई. कामाची पाळी संपवून बाहेर पडली की तिला काय दिसतंय, ते काढू."

आणि त्यांनी क्षितिजरेषा मारली.